मागच्या सीटचा लाल दिवा

भुतांच्या गोष्टींच्या या पानावर रोज पैंजण वाजतात. पांढऱ्या साड्या फडफडतात. अमावास्या तर आठवड्यातून तीनदा येते. मी सगळं वाचतो आणि जांभई देतो.

माझ्या गोष्टीत यातलं काही नाही. रात्रसुद्धा नाही.

भर दुपार होती. सव्वाबारा. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतला मंगळवार. जागा, बेंगळुरूहून आनेकलला जाणारा रस्ता. हे माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलं, आणि त्याच्या तोंडून एकेक शब्द मी चिमट्यानं ओढून काढलाय. आता मधुकरनं थाप मारली असेल, असं म्हणाल तर तेही शक्य नाही. थाप मारायला कल्पनाशक्ती लागते. तो इंजिनियर आहे.

पस्तीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनियर, आता रिटायर. पुण्याहून आला आणि इथंच राहिला. या माणसाला जगातल्या प्रत्येक गोष्टीचा तिटकारा. पत्रिका, होमिओपॅथी, हेमलतानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, शनिवारी मारुतीला वाहिलेलं तेल... सगळ्याला एकच उत्तर.

"हॅट्!"

प्रेम एकाच गोष्टीवर. अठ्ठ्याण्णव सालची पाचशे सीसीची मोटरसायकल. लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या लावलेली. शुक्रवारी ती गाडी त्याची मुलगी देवश्री घेऊन जाणार होती. मैत्रिणींबरोबर, होगेनक्कलला, घाटातून.

आणि गाडी मधेच मरत होती.

त्या मंगळवारी तिसऱ्यांदा मेली. आनेकलच्या अलीकडे एक बसथांबा आहे. पत्र्याची शेड, सिमेंटचं बाकडं, समोर स्पीडब्रेकर. तो ओलांडला, आणि इंजिन, हेडलाइट, हॉर्न... सगळं एकदम बंद. कुणीतरी चावी काढून घ्यावी तसं.

मागून आलेला ट्रक कोपरापासून वीतभर अंतरावरून गेला.

मधुकर घामेघूम होऊन कडेला उभा राहिला. तिन्ही वेळा हीच जागा. थांब्यावर चिटपाखरू नाही.

दहा मिनिटांनी हेडलाइट आपोआप लागला. गाडी पहिल्या किकला सुरू.

घाटात हे झालं असतं तर? आणि गाडीवर देवश्री असती तर?

तो तसाच जयनगरला विठोजीच्या गॅरेजवर गेला. विठोजीचं घराणं चारशे वर्षांपूर्वी घोड्यांबरोबर इकडे आलं आणि इथलंच झालं. घोडी संपली, आता मोटरसायकली.

"बॅटरी बघितली, फ्यूज बघितला, चावीचा स्विच बदलला, अर्थची वायर घासून साफ केली," मधुकर म्हणाला. "तू नुसता पाने दे. डोकं मी चालवतो."

"सरी अण्णा, ठीक. तुमचं डोकं, माझे पाने. बिल कुणाचं?"

"तुमच्या घराण्यानं नाल ठोकायचं सोडलं तेव्हाच अक्कल संपली."

विठोजीनं पान थुंकलं आणि दहाच्या पान्यानं सीट उघडली. तासाभरात दोष सापडला. बॅटरीची मुख्य वायर मागच्या सीटच्या पत्र्याखाली सरकली होती. वरून धड, आत तारा तुटलेल्या. सीट मोकळी असली की तारा एकमेकींना टेकत. सीटवर वजन पडलं की पत्रा वायर दाबे, तारा सुटत, गाडी ठार. विठोजी मागे बसला, हेडलाइट गेला. उठला, आला.

"पाहिलंस?" मधुकर टेचात म्हणाला. "मागे कुणी बसलं की बंद! चोवीस तासांत चार मेकॅनिकना कळलं नसतं."

"खरं आहे. पण स्वल्प ऐका की अण्णा." विठोजी वायर गुंडाळत होता. "घोडं अडलं तर आमचे लोक आधी पाठीवर कोण बसलंय ते बघायचे. तुमची गाडी तीनदा बंद पडली..."

"मग?"

"तेव्हा मागे कोण होतं?"

तिन्ही वेळा मधुकर गाडीवर एकटाच होता.

"हॅट्! खड्ड्यात आदळली, सीट दाबली गेली. अडाणी लेकाचा!"

पण माणूस हट्टी. विठोजीचं तोंड बंद करायलाच हवं. त्यानं वायर नवी टाकली. मग मागच्या सीटखाली एक दाबाचा स्विच बसवला आणि त्याला जोडून हँडलवर छोटा लाल दिवा. स्प्रिंग अशी की चाळीस किलोच्या वर वजन पडलं तरच दिवा लागेल. घरी तांदळाची दोन पोती घेऊन तपासलं. एक घरचं, एक शेजारच्या सुप्रीताकडून उसनं आणलेलं. पंचवीस किलोला दिवा बंद. पन्नासला लाल.

"सांडलेले तांदूळ कोण वेचणार?" हेमलता म्हणाली.

"विज्ञानाला किंमत द्यावी लागते."

"मग विज्ञानालाच सांगा केर काढायला."

हिशेब सोपा होता. खड्डा असेल तर दिवा लुकलुकेल. माणूस असेल तर लागून राहील.

बुधवारी दुपारी बारा वाजता तो परत त्या रस्त्याला लागला. खड्डा आला की दिवा लुकलुके. लुकलुकला की मधुकर हसे. विठोजीला काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत चालला होता.

पत्र्याची शेड दिसली.

बाकडं रिकामं.

स्पीडब्रेकरवर गाडी पहिल्या गिअरमध्ये, जवळजवळ थांबलेली...

आणि गाडीचं मागलं अंग खाली बसलं.

धक्का नाही. हळूच. सवयीचं माणूस बसतं तसं.

दिवा लागला.

एक... दोन... तीन...

विझेना.

वायर नवी होती. आता गाडीला बंद पडायची सोयही उरली नव्हती.

मधुकरनं आरशात पाहिलं. मागे रस्ता. नुसता रस्ता. कडेला थांबून तो उतरला. मागच्या सीटचा फोम दबलेला होता. खळगे दिसत होते... दोन मांड्यांचे.

"स्विच जाम झालाय," तो मोठ्यानं म्हणाला.

कुणाला म्हणाला, देव जाणे.

तो परत फिरला. पंचवीस किलोमीटर दिवा जळतच होता. जयनगरच्या सिग्नलला एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. तो सबंध रस्ता हळू ब्रेक लावत आला होता. मागचं माणूस पुढे आपटू नये म्हणून आपण लावतो ना, तसा.

इमारतीखाली पार्किंगमध्ये चावी बंद केली. दिवा विझला. चावी चालू केली.

लाल.

स्विच नवा घातला. लाल. मीटर लावून वायर तपासली. निर्दोष. म्हणून वैतागून मागची सीटच उपटून काढली. स्विच गेला, दिवा गेला. मधुकरनं सुटकेचा श्वास सोडला... आणि अर्ध्यातच अडकला.

सीट काढली. मग आता ते बसणार कुठे?

पुढे सरकेल. चालवणाऱ्याला चिकटून.

चार मिनिटांत त्यानं सीट परत ठोकली. एक बोल्ट हरवला तोही शोधला नाही.

गुरुवारी देवश्री सामान बांधायला खाली आली.

"देवू, गाडी नको नेऊस."

"का? विठोजी अण्णा म्हणाले एकदम ओके आहे."

"मागच्या सीटचा दिवा... विझत नाही."

"मग बल्ब काढून टाका!"

"बल्बचा प्रश्न नाही. मागे कुणीतरी..."

देवश्री हसली. अगदी बापासारखी, नाकातून. "बाबा, तुम्ही? आई दृष्ट काढायला आली की तुम्ही काय म्हणायचात? म्हणू मी?"

"देवू..."

"हॅट्!" ती म्हणाली आणि पेटीत रेनकोट कोंबून वर गेली.

तीस वर्षं पेरलं ते उगवलं होतं. ती ऐकणार नव्हती. उद्या पहाटे ती त्याच गाडीवर बसणार, त्याच रस्त्यानं जाणार. आणि तिच्या पाठीमागे, तिच्या खांद्यापासून चार बोटांवर...

पार्किंगमध्ये दुपारचं रणरणतं ऊन तिरपं आलं होतं. वर कुणाकडे तरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. चावी चालूच होती. दिवा जळत होता.

मधुकरनं इकडेतिकडे पाहिलं. कुणी बघत नाहीसं पाहून शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मोटारीचं पुढचं डावं दार उघडलं. पूर्ण उघडलं. मग मोटरसायकलच्या रिकाम्या सीटकडे वळून... हात जोडले.

सख्ख्या सासऱ्याला अरे-तुरे करणारा माणूस तो. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून अहो-जाहो करत होता.

"पोरीच्या मागे नको. माझ्याबरोबर चला. कुठं जायचं असेल तिथं सोडतो. उतरा... प्लीज उतरा."

काही झालं नाही.

कुकरची शिट्टीही थांबली.

मग मोटरसायकलचं मागलं अंग हलकेच वर आलं. दिवा विझला.

आणि मोटार डावीकडे कलली.

त्यानं दार लावलं, वळसा घालून स्टिअरिंगवर बसला आणि चावी फिरवली. नव्या मोटारींत एक सोय असते, ठाऊक असेल. शेजारच्या सीटवर कुणी बसलं असेल आणि पट्टा लावला नसेल, तरच घंटा वाजते. सीट रिकामी असेल तर वाजत नाही.

टिंग... टिंग... टिंग...

मधुकरनं शेजारच्या सीटकडे पाहिलं. मग वाकला. पट्टा ओढला. रिकाम्या सीटवरून आडवा घेतला आणि अडकवला.

खट्.

घंटा थांबली.

तो लगेच आनेकलला गेला. त्या थांब्यापाशी दार उघडून अर्धा तास उभा राहिला. बसस्टँडवर उभा राहिला. नंतर कितीतरी ठिकाणी. मोटार एकदाही हलकी झाली नाही.

देवश्री रविवारी सुखरूप आली. "गाडी काय पळाली बाबा! पिसासारखी!" मधुकर नुसता तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिला. तिला वाटलं, म्हातारा हळवा झाला.

हे सगळं त्यानं मला सांगितलं ते एप्रिलमध्ये, होसकोट्याला एका लग्नाला जाताना. मी पुढे बसायला गेलो तर म्हणाला, "अप्पा, मागे बस." पुढच्या सीटला पट्टा लावलेला. मी पोटभर हसलो. मी आयुष्यभर भुतांच्या गोष्टी रचून लोकांना घाबरवलंय, मला हा कारखान्यातला इंजिनियर घाबरवणार?

"धंदाच सापडला म्हणायचा तुला रिटायर झाल्यावर," मी म्हटलं. "सगळी थाप! काय रे, जेवायला काय घालतोस त्याला?"

मधुकरनं गिअर बदलला.

पुढे सिग्नलला गाडी थांबली. बाहेर ऊन, भाजीची गाडी, हॉर्नचा कल्ला.

खट्.

पुढचा पट्टा सुटला. सर्रकन मागे गेला. मधुकरचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.

मी घंटेची वाट पाहिली. पट्टा सुटला, म्हणजे आता घंटा वाजायला हवी.

वाजली नाही.

मधुकरनं आरशातून मागे पाहिलं. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी.

"अप्पा," तो अगदी हळू म्हणाला, "जरा सरकून बस."