दुसऱ्या मजल्यावरची नळी

आग कधीही खोटं बोलत नाही, हे तत्त्व वहिनींनी विमा कंपनीत आगीचे दावे तपासताना बावीस वर्षं जपलं. निरोप समारंभात कंपनीने त्यांना एक थर्मास दिला. तो गळका निघाला.

त्यानंतर त्या खासगी तपासाची कामं घेऊ लागल्या. टायपिंगचे निवृत्त शिक्षक असलेले त्यांचे दीर, भाऊजी, टिपणं काढायचे. टिपणांत एकही चूक नसे आणि बहुधा उपयोगाचंही काही नसे.

त्या दिवशी दुपारी बाराला फ्रिज दुरुस्त करणारा मिस्त्री दारात उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

"ताई, चार वाजता परवाना कार्यालयाचा तपासनीस येतोय. माझा परवाना रद्द करणार म्हणे. सोळा वर्षं या कामावर घर चालवतोय."

"बसा. झालं काय?"

"सकाळी समोरच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर काकूंचा फ्रिज उघडला. हल्लीच्या फ्रिजमधला गॅस पेट घेतो. नळ्या जोडायला ज्योत लावायच्या आधी तो सगळा बाहेर काढावा लागतो, लांब नळीने, उघड्या हवेत. मी तसाच काढला. आणि पाच-दहा मिनिटांत तळघरातल्या लाँड्रीत भडका! लाँड्रीवाल्याची अर्धी मिशी गेली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, मी गॅस घरातच सोडला."

"त्या गॅसला वास असतो?"

"नाही. हवेपेक्षा जड असतो. वाऱ्यावर सोडला तर विरून जातो. खोलगट जागी साचला तर काही खरं नाही."

भाऊजींनी लिहिलं : 'मिशी, अर्धी.'

काकूंचा मिस्त्रीवर राग होता, पण वेगळ्याच कारणाने.

"मला चहा करू दिला नाही हो याने! शेगडी बंद, प्लग काढलेला, खिडक्या सताड उघड्या. म्हटलं, अरे बाबा, फ्रिज दुरुस्त करतोयस की ऑपरेशन?"

"गॅस जात असताना हा जागचा हलला होता?"

"छे! फ्रिजपाशी मांडी घालून बसला होता. मी दोन्ही गुडघ्यांची सगळी हकिगत सांगितली, तरी हूं नाही की चूं नाही. भडक्याचा आवाज आला तेव्हा खाली पळाला."

नळी खिडकीतून निघून मजल्याच्या सामाईक गॅलरीत गेली होती. तिचं टोक कठड्याबाहेर काढून पांढऱ्या नाडीने बांधलं होतं. सुरगाठ, दोन्ही फासे सारखे.

"काय टापटीप आहे माणसाला!" भाऊजी म्हणाले.

वहिनींनी मिस्त्रीच्या पेटीत डोकावून पाहिलं. हत्यारांची गिचमिड. नळ्यांची वेटोळी तांब्याच्या तारेने कशीबशी आवळलेली. मग त्यांनी गॅलरीच्या कोपऱ्यातल्या पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं उघडं तोंड न्याहाळलं आणि शेवटी कठड्यावरून खाली वाकून पाहिलं. पहिल्या मजल्याच्या दोरीवर पांढरे शर्ट कवायतीला उभे असल्यासारखे ओळीत होते. मधे एका जागी नुसतेच दोन चिमटे.

"पडाल, वहिनी."

"नाही पडत. चला, तळघरात जाऊ."

लाँड्रीवाला आरशासमोर उभा राहून उरलेल्या अर्ध्या मिशीचं काय करावं, या विचारात होता. पाणी तापवायची शेगडी जमिनीवरच होती. शेजारी मोरी, आणि मोरीवर वरून येणाऱ्या पाइपाचं टोक.

"शेगडी रोज सकाळीच पेटवता?"

"नाही हो. तीननंतर. आज एक तातडीचा शर्ट आला. तेलाचे ठिपके. गरम पाण्याशिवाय निघतात का ते?" त्याने बादलीतला पांढरा शर्ट दाखवला. "काडी ओढली आणि भक्कन पेट घेतला."

राहिले पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी. त्यांच्या टेबलावर सोसायटीच्या फायलींचा गठ्ठा, प्रत्येक फाईल पांढऱ्या नाडीने बांधलेली.

"सकाळपासून मी या खुर्चीतून हललेलो नाही, बाई."

"वर गेला नाहीत?"

"वर माझं काय काम?"

"आणि खाली?"

"खाली तर मुळीच नाही. लोकांच्या जिवाशी खेळ चाललाय, आणि तुम्ही मलाच विचारताय!"

भाऊजींना ते पटलं. जिन्यात ते म्हणाले, "मिस्त्रीचं कठीण दिसतंय."

चार वाजता तपासनीस आले. वहिनींनी सगळ्यांना लाँड्रीत बोलावलं.

"गॅस मिस्त्रींनी उघडलेल्या फ्रिजमधलाच," त्या म्हणाल्या. "पण त्यांनी नळी वाऱ्यावर सोडली होती, त्यांच्या सवयीने, तारेने बांधून. तारेची सवय असलेला माणूस एकाएकी नाडीची सुरगाठ मारत नाही. म्हणजे मधे कुणीतरी नळी सोडली आणि पुन्हा बांधली."

"कशासाठी?" तपासनीसांनी विचारलं.

"गॅसबरोबर यंत्रातलं तेलही थेंब थेंब बाहेर येतं. ते खालच्या दोरीवरच्या शर्टावर पडलं. शर्टाच्या मालकाने वर जाऊन नळीचं टोक पावसाच्या पाइपात खुपसलं. गॅस जड, सरळ इथे उतरून साचला. मालक शर्ट घेऊन इथेच आले, आणि त्याच शर्टासाठी शेगडी पेटली. लाँड्रीवाले, शर्ट कुणाचा?"

"सेक्रेटरीसाहेबांचा. आपल्या हातांनी देऊन गेले की सकाळी."

सगळे सेक्रेटरींकडे पाहू लागले. सेक्रेटरी शर्टाकडे.

"नवा कोरा होता हो," ते पुटपुटले. "मला वाटलं, नुसती हवाच तर आहे."

"मग भडक्यानंतर नळी परत का बांधलीत?"

"वस्तू जागच्या जागी असलेली बरी, म्हणून."

"आणि तक्रार यांच्यावर!" लाँड्रीवाला म्हणाला. "माझी मिशी कुठल्या जागी ठेवू आता?"

सेक्रेटरींनी मान खाली घालून तक्रार मागे घेतली. तपासनीसांनी मिस्त्रीला बजावलं, "पुढच्या वेळी नळीच्या बाहेरच्या टोकाशी माणूस उभा करा. परवाना आणा इकडे. दोष नाही, असा शेरा मारतो."

मिस्त्रीने परवाना पुढे केला. तपासनीसांनी तो उघडला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"हा तर गेल्या महिन्यातच संपलाय. रद्द तरी काय करणार होतो मी?"

नूतनीकरणाचा अर्ज परवाना कार्यालयात, खिडकी क्रमांक तीनवर, सकाळी अकरा ते एक या वेळेत मिळतो.