तिचं स्वतःचं वाक्य

दिवे मालवले, पडद्यावर तिचं नाव उमटलं, आणि सोलेन मार्शां अंधारातून हळूच बाहेर सटकली. स्वतःचा चेहरा भिंतीएवढा झालेला तिला बघवत नसे. नवा सिनेमा लागायच्या आधी गावोगाव फिरायचं, सुरुवातीला दोन शब्द बोलायचे, शेवटी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि मधला वेळ कुठंतरी काढायचा... हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. आज फ्रान्सच्या दक्षिणेकडल्या क्रेस्त गावाची पाळी होती. बाहेर उत्तरेचा वारा सुटला होता आणि थिएटरचं दार सारखं धडधडत होतं.

तिकीट खिडकीपाशी एक उंच माणूस स्टुलावर बसून अक्रोड फोडत होता.

"इतका वाईट आहे?" त्यानं मान वर न करता विचारलं.

"काय?"

"सिनेमा. पाच मिनिटांत खुद्द नायिकाच पळून आली, म्हणून म्हटलं."

सोलेनला हसू आलं. कित्येक महिन्यांत तिची अशी थट्टा कुणी केली नव्हती.

"नायिका नाही, नायिकेची आई. आता आईचीच कामं येतात."

"मग पोरगी वाया जाणार. आईच अशी अर्ध्यातून उठून जाते म्हटल्यावर..."

त्याचं नाव गास्पार रेनिए. शेळ्यांचा डॉक्टर होता आणि आठवड्यातली एक संध्याकाळ थिएटरात फुकट राबायचा. ती जवळची खुर्ची ओढू लागली, तसा तो सावरून बसला.

"लांबच बसा, मादाम. सकाळपासून तीन बाळंतपणं केलीत. हात धुतले, पण वास जात नाही."

ती मुद्दाम जवळ बसली. त्यानं सोललेला अक्रोड तिच्या तळहातावर ठेवला. बोटांना बोटं लागली – क्षणभरच. सोलेननं मान किंचित कलती केली, आवाज खाली आणला.

"काही माणसांजवळ बसलं ना, की थंडी वाजायची थांबते..."

गास्पारचा हात अडकित्त्यावरच थांबला.

"हे तुम्ही त्या दीपस्तंभाच्या सिनेमात म्हणाला होतात ना? त्या खलाशाला?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. तो म्हणाला ते खरंच होतं. तिनं काही डाव टाकला नव्हता. वाक्य आपणहून जिभेवर आलं होतं. सतराव्या वर्षी रुबेहून पॅरिसला आली, तेव्हापासून ती दुसऱ्यांनी लिहिलेलं बोलत होती. स्टेशनांवर निरोप घेतले, पावसात वाट पाहिली, नाना तऱ्हेच्या पुरुषांना 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' म्हणून झालं. बक्षिसं मिळाली. खरा नवरा एकच झाला, आणि तोही जाताना म्हणाला, "तू रडतेस की रडून दाखवतेस, हे मला कधी कळलंच नाही." त्या दिवसापासून सोलेनला एकटीनं रडायचीसुद्धा लाज वाटायची.

"रागावलात?" गास्पारनं विचारलं.

"नाही. चोरी पकडली गेली, इतकंच." तिनं अक्रोड तोंडात टाकला. "डॉक्टर, तुमच्या बायकोला हा वास चालतो?"

"चालत होता तोवर चालला. आता ती लियोंला असते. सुगंधी माणसाबरोबर."

दोघंही हसली. मग हसू आपोआप विरलं.

"घरी गेलो की रेडिओ लावतो," तो म्हणाला. "ऐकत नाही. नुसता लावून ठेवतो."

"मी टीव्ही," सोलेन म्हणाली.

तेवढ्यात आतून टाळ्या ऐकू आल्या. तिनं केस सारखे केले, हसू चढवलं आणि ती आत गेली. कुणीतरी विचारलं, प्रेमाचे प्रसंग इतके खरे कसे वाटतात? तिनं ठेवणीतलं उत्तर दिलं. सगळे खळखळून हसले. तिची नजर मात्र मागच्या दाराकडे गेली. गास्पार तिथं उभा होता आणि तो हसत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिला स्टेशनवर सोडायला तोच आला. कार्यक्रमवाल्या बाई तापानं पडल्या होत्या म्हणे. गाडी आली. बॅग त्यानंच उचलून आत ठेवली आणि तो खाली उतरला.

आता निरोप, म्हणजे गालाला गाल लावून चुंबन घ्यायची तिकडची रीत. आदल्या संध्याकाळी सगळ्यांनी तिच्याशी लांबूनच हात मिळवला होता. एवढ्या मोठ्या नटीच्या गालाला गाल कोण लावणार? गास्पारनं मात्र सरळ वाकून गाल पुढं केला. उजवा... डावा... पॅरिसच्या सवयीप्रमाणे दोन झाल्यावर सोलेननं मान मागं घेतली. या भागात तीन करतात. गास्पारचा तिसरा निघालेलाच होता आणि तो नेमका तिच्या ओठांवर पडला.

पडद्यावरच्या चुंबनाची आधी तालीम होते. नाक कुणीकडे, उजेड कुणीकडे, सगळं ठरलेलं असतं. इथं नाकावर नाक आपटलं. सोलेनच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"माफ करा, मादाम." तो पार गोरामोरा झाला होता. "आमच्याकडे तीन असतात."

"आमच्याकडे दोन," ती कशीबशी म्हणाली आणि डब्यात चढली. दुसरं काय करणार?

दारात उभी राहून ती वळली. जिभेवर वाक्यांची रांग लागली होती. मला विसरू नका... हे युद्धाच्या सिनेमातलं. आपण आधी का भेटलो नाही... हे त्या डॉक्टरणीच्या भूमिकेतलं. एकेक वाक्य तिनं गिळलं. गार्डनं शिट्टी फुंकली. तिच्या डोळ्यांपुढे रात्र आली – पुढच्या मुक्कामाचं, वालांसचं हॉटेल, ताटलीतलं गार ऑम्लेट, समोर चालू टीव्ही. हा माणूस आता मागं राहणार, आणि आपल्याकडे त्याला सांगायला स्वतःचं एक वाक्य नाही.

"मला ना... एकटीनं जेवायचा फार कंटाळा आलाय."

आवाज चिरकला. वाऱ्यानं नाक गळत होतं. कुठल्याही दिग्दर्शकानं हे पुन्हा करायला लावलं असतं.

गास्पार डब्याच्या दारापाशी आला.

"हे कुठल्या सिनेमातलं?"

"कुठल्याच नाही."

"मग उतर ना," तो म्हणाला. 'मादाम' आणि 'तुम्ही' कधी गळून पडलं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

ती उतरली. पाठीमागे दार बंद झालं आणि तिची बॅग एकटीच वालांसला निघाली. तिथला कार्यक्रम रात्रीचा होता; मधे आणखी एक गाडी होती. फलाटावर दोघंच उरली. पुढं काय करायचं हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

"घरात कालचे मसूर आहेत फक्त," गास्पार म्हणाला.

"दोघांना पुरतील?"

त्यानं खरोखरच विचार केला.

"नाही पुरायचे," तो म्हणाला. "पण चल."