पातळ केलेलं विष

बुधवारी शाळा सुटल्यावर दुर्वा खिलारे सांडपाणी केंद्रात पोचली, तेव्हा सानिकाआत्या पडद्यासमोर उभी होती. तिनं वळूनही पाहिलं नाही.

"पुन्हा मेले?" दुर्वाने विचारलं.

"पुन्हा. सलग तिसरा बुधवार."

पडद्यावर टाकीतल्या पाण्याचा एकच थेंब शेकडो पटींनी मोठा होऊन दिसत होता. एरवी त्या थेंबात घंटाजीव डुलत असायचे. बारीक देठावर उभी असलेली पारदर्शक घंटाच जणू, आणि घंटेच्या तोंडाशी सतत वळवळणारे केस. आज बहुतेक घंटा मिटलेल्या होत्या. काही देठांवर तर काहीच उरलं नव्हतं.

कोळजाई गावाला नदी नाही. पाऊस बेभरवशाचा झाल्यापासून गावानं आपलंच पाणी पुन्हापुन्हा वापरायचं ठरवलं होतं. मोरीतलं, संडासातलं, कारखान्यांतलं सगळं पाणी एकाच भुयारी गटारातून केंद्रात यायचं, तिथे साफ व्हायचं, तीन गाळण्यांतून जायचं आणि पुन्हा नळाला यायचं. यातलं सगळ्यात अवघड काम यंत्रं करत नव्हती. ते करत होते सूक्ष्मजीव (डोळ्यांना न दिसणारे इवलेसे जीव). टाकीत हवेचे बुडबुडे सोडले की ते पाण्यातली घाण खात आणि वाढत. सानिकाआत्या त्यांना 'माझी माणसं' म्हणायची. ती या केंद्राची प्रमुख होती.

"माणसं उपाशी राहिली तर तगतात," ती म्हणाली. "ही उपाशी नाहीत. यांना कुणीतरी विष घातलंय. साठवणीच्या टाकीत बारा दिवसांचं पाणी आहे. तोवर कळलं पाहिजे."

"घूस काय म्हणते?"

घूस म्हणजे गटारातून फिरणारा यंत्रमानव. लांबट, करडा, चिखलाने माखलेला. तो गावातल्या सातही कारखान्यांच्या तोंडाशी जाऊन पाण्याचे नमुने घ्यायचा. खरं नाव एक लांबलचक आकडा होता, पण तो कुणाच्या लक्षात राहत नसे.

"काल सातही नमुने नियमात होते," कोपऱ्यातून घूस म्हणाली. "क्रोमची मर्यादा एका लिटरला दोन मिलिग्रॅम. सर्वांत जास्त एक पूर्णांक आठ."

क्रोम म्हणजे नळाच्या तोट्या, दुचाकीचे भाग चकचकीत करायला वापरतात तो धातू. मुलामा देण्याच्या हौदात तो पिवळ्या रंगाच्या विषारी रूपात असतो.

"सगळे नियमात आहेत, तर मग मारतंय कोण?" आत्या म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

दुर्वा विचार करत राहिली. सकाळीच तिच्या हातून ताकात दोन चमचे मीठ पडलं होतं. आई ओरडू नये म्हणून तिनं त्यात पाणी घातलं, मग आणखी पाणी. खारटपणा गेला, पण भांडंभर ताक झालं, आणि ते सगळं तिलाच प्यावं लागलं. दुपारपर्यंत तिला तहान लागत होती.

"आत्या, पातळ केलं तरी मीठ पोटात तेवढंच जातं ना?"

आत्याने मान वर केली.

"घूस," दुर्वाने विचारलं, "काल त्या एक पूर्णांक आठवाल्या कारखान्यातून पाणी किती आलं?"

"चार लाख लिटर."

"आणि रोज किती येतं?"

"तीस हजार."

"हे तू सांगितलं का नाहीस?"

"मला संहती विचारली होती (एका लिटरात किती पदार्थ विरघळला आहे ते). भार विचारला नव्हता (दिवसभरात एकूण किती पदार्थ आला तो)," घूस म्हणाली.

आत्याने कागद ओढला. तीस हजार लिटर, प्रत्येकात दोन मिलिग्रॅम, म्हणजे साठ ग्रॅम. हा एका कारखान्याचा रोजचा वाटा. चार लाख लिटर, प्रत्येकात एक पूर्णांक आठ, म्हणजे सातशे वीस ग्रॅम. बारा जणांचा वाटा एकट्यानं.

"मंगळवारी पाणी वाढतं हे मला दिसत होतं," ती हळू म्हणाली. "वाटलं, गटाराला कुठेतरी भेग पडून विहिरीचं पाणी झिरपत असेल. चूक माझी."

मग तिनं दुर्वाला समजावलं. कोळजाईच्या टाकीतले जीव दिवसाला पाचशे ग्रॅम क्रोम कसंबसं सोसू शकतात, हे तिनं स्वतः वर्षभर तपासून ठरवलं होतं. त्यातले ऐंशी ग्रॅम घरांसाठी आणि अडीअडचणीसाठी राखलेले. उरलेल्या चारशे वीसचे सात समान वाटे. गावाच्या नियमातला 'दोन' हा आकडा असा आला होता. मोठ्या टाकीच्या गावाला तो पाच परवडेल, लहान टाकीच्या गावाला एकच. म्हणून प्रत्येक गावाचा नियम वेगळा.

"आणि क्रोम हा धातू आहे. जीव तो खाऊन संपवू शकत नाहीत. तो एक तर गाळात बसतो आणि गाळाचं खत होतं, नाही तर पुढे नळाकडे जातो. त्याला कारखान्याच्या दारातच थांबवावं लागतं."

"कारखाना कुठला?"

घूसने उत्तर दिलं. "निरगुडे मेटल."

दुर्वाचे बाबा तिथेच कामाला होते.

संध्याकाळी बाबा भाकऱ्या थापत होते. आई रात्रपाळीला गेली होती. दुर्वाने सगळं सांगितलं. बाबांचा हात परातीतच थांबला.

"तिथे क्रोम काढायचं यंत्र आहे," ते म्हणाले. "आधी औषध घालून पिवळा क्रोम हिरवा करायचा. हिरवा कमी विषारी. मग चुना टाकला की तो खाली बसतो आणि वरचं पाणी सोडायचं. तीन आठवड्यांपूर्वी यंत्र बंद पडलं. मालक निरगुड्यांनी ते दुरुस्त केलं नाही. सोमवारी हौद धुतात, ते पाणी मंगळवारी विहिरीच्या पाण्यात मिसळून सोडतात. मोटर मीच चालू करतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पातळ केलं की चालतं, असं आम्हाला सांगितलं होतं. मी विचारलं नाही." त्यांनी तवा खाली उतरवला. "विचारायला हवं होतं."

गुरुवारी सकाळी सानिकाआत्याने नियमातलं सहावं कलम छापून घेतलं. 'मर्यादा गाठण्यासाठी सांडपाण्यात साधं पाणी मिसळता येणार नाही. तसं आढळल्यास केंद्रप्रमुखाने जोडणी बंद करावी.' ते तिनं निरगुड्यांच्या हातात दिलं आणि घूसने रस्त्याखालची झडप बंद केली. कारखान्याचं पाणी कारखान्यातच अडलं.

तासाभरात नगराध्यक्षांचा फोन आला. "बाई, झडप उघडा. अठरा घरं त्यावर चालतात."

"लेखी द्या," आत्या म्हणाली. "आणि खाली लिहा की उद्या नळाला जे येईल त्याची जबाबदारी तुमची."

लेखी काही आलं नाही. आला तो नगरपरिषदेच्या शुक्रवारच्या सभेचा प्रस्ताव. क्रोमची मर्यादा दोनवरून पाच करावी.

सभागृह भरलं होतं. निरगुडे उभे राहिले. ते वाईट बोलणारे गृहस्थ नव्हते. "शेजारच्या तालुक्यात पाच आहे," ते म्हणाले. "तिथली माणसं मेली का? मग आम्हालाच हा जाच का?"

"त्यांची टाकी आपल्या तिप्पट आहे," आत्या म्हणाली.

"मी प्रमाणात होतो. नमुने बघा."

"मी बोलू?" दुर्वा म्हणाली. नगराध्यक्ष नाही म्हणायच्या आत ती पुढे आली होती. तिने दोन पेले आणि एक कळशी आणली होती. पहिल्या पेल्यात तिने दोन चमचे मीठ ढवळलं. दुसऱ्यातही दोन चमचे ढवळून तो पेला पाण्यानं भरलेल्या कळशीत ओतला.

"पेला खारट आहे. कळशी तेवढी नाही. पण कळशी पूर्ण प्यायची आहे, कारण गावाचं पाणी गावातच फिरतं. तुम्ही मीठ कमी केलं नाही, काका. कळशी मोठी केली."

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. निरगुडे हसले नाहीत. "पोरीला पढवून आणलंय. तिच्या बापाला विचारा, कारखाना बंद पडला तर काय खाणार."

बाबा उठले.

"मी सुजित खिलारे. तीन मंगळवार ती मोटर मी चालू केली," ते म्हणाले. "येत्या मंगळवारी करणार नाही. मर्यादा पाच केलीत तरी करणार नाही. माझीही पोरगी तेच पाणी पिते."

"सोमवारपासून येऊ नका," निरगुडे म्हणाले.

"मग आम्हीही येत नाही," मागून एक बाई म्हणाली. ती हौदावर काम करायची. तिच्या शेजारचा उठला, मग आणखी चार. कुणी घोषणा दिली नाही. ते नुसते उभे राहिले आणि मतं मोजून होईपर्यंत बसले नाहीत.

प्रस्ताव तीन मतांनी पडला.

यंत्र दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले. तेवढे दिवस अठराही कामगार कारखान्याच्या फाटकाबाहेर बसून होते. दुर्वाच्या घरी त्या दिवसांत रोज पिठलंच असायचं. दहाव्या दिवशी निरगुडे स्वतः बाहेर आले आणि बाबांना म्हणाले, "यंत्र तुम्हीच सांभाळा. मला त्यातलं कळत नाही." माफी त्यांनी मागितली नाही. बाबांनी मागितली, पण ती सानिकाआत्याची.

घूसला आता संहती आणि भार दोन्ही मोजायला शिकवलं आहे. आणि खाली बसलेला हिरवा क्रोम परत हौदात वापरता येईल का, यावर बाबा आणि आत्या रविवारी वाद घालतात. जमलं तर गटारात जायला क्रोम उरणारच नाही, असं बाबांचं म्हणणं.

मग आठवा कारखाना आला. बॅटऱ्यांचा. त्याने अर्जात आपल्यासाठी वेगळी, सैल मर्यादा मागितली. दुर्वाने वहीत हिशेब केला. चारशे वीसचे वाटे आता आठ करायचे, म्हणजे प्रत्येकाचा कमी होणार. कुणाचाच वाढणार नाही.

त्या अर्जावर हरकती नोंदवायच्या शेवटच्या दिवशी ती वर्गातल्या सहा मुलांना घेऊन नगरपरिषदेत गेली. कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं.

"लहान मुलांच्या हरकती घेत नाहीत."

"नियम दाखवा," दुर्वा म्हणाली.

त्याने पुस्तिका काढली, कलम वाचलं, पुन्हा एकदा वाचलं. तिथे लिहिलं होतं, 'गावातला कोणताही रहिवासी'. वयाचा उल्लेख कुठेच नव्हता.

त्याने पेन पुढे सरकवलं.