उशी दक्षिणेला

तो कोपरा गळतोय ना, मग चटई सरकवा. सरकवायला हरकत नाही, पण फिरवू नका. ए, लेओनच्या धाकट्या, तू उशी कुठे केलीस बघ जरा. दक्षिणेला? उचल. हसतोस काय, आधी उचल. हां, आता ती कॉफी ओत सगळ्यांना. पाऊस काही इतक्यात थांबत नाही, तेव्हा सांगतोच आता.

सारिरा गेला तेव्हा तुम्ही लहान होतात. त्याच्याबरोबर मी तरुणपणी छपरं घातलीत. या डोंगरातल्या निम्म्या गावांचे पत्रे त्याच्या हातचे. खिळा मारायची त्याची एक रीत होती. तीन दणके जोरात आणि मग दोन अगदी हलके, पोराला थोपटावं तसे. मी एकदा वैतागून विचारलं, अरे खिळा बसला की, वर हे दोन कशाला? तर म्हणाला, "ते त्याला सांगायला, की आता इथंच राहायचं." त्याचं छप्पर कधी गळलं नाही, हे मात्र खरं.

ही गोष्ट त्याच्या पोरीची, दामारिसची. तिनं स्वतः मला तिच्या चुलीपाशी बसून सांगितली, आणि ती तिखटमीठ लावणाऱ्यातली नाही.

सारिराचा श्वास थांबून तेव्हा दीडेक वर्ष झालं होतं. म्हणजे आपल्या रीतीनं तो अजून आजारीच होता, औषध लावून घरात राखलेला. मागच्या खोलीत पलंगावर, उशी पश्चिमेला. सकाळी दामारिस त्याच्या उशाशी कॉफी ठेवायची, संध्याकाळी भात. घराबाहेर पडताना सांगून जायची, आल्यावर सांगायची. श्वास थांबायच्या आधी म्हाताऱ्यानं तिच्याकडून एक शब्द घेतला होता. गोठ्यात त्याचं ठिपक्यांचं रेडकू होतं, स्वतः दूध पाजून वाढवलेलं. "त्याची शिंगं हातभर झाली की मला मेला म्हणा," असं म्हणाला होता. "तोवर मी आजारी. रेडा कापल्याशिवाय पाठवू नकोस गं, त्याच्याच पाठीवर बसून जायचंय. मेलेल्यांच्या गावाची वाट लांब, आणि माझे गुडघे तुला माहीत आहेत."

पोरगी रडता रडता हसली आणि तिनं शब्द दिला.

उशी दक्षिणेला फिरवली की माणूस मेला, आणि एकदा फिरवलेला माणूस पुन्हा आजारी होत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको.

तर त्या वर्षी ईस्टरला तिचा थोरला भाऊ ओबेद मकास्सार शहरातून आला, चांगला आठवडाभर आधी. दामारिसला आभाळ ठेंगणं झालं. आई लवकर गेली, तेव्हा या भावानंच तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडून शाळेत नेलेलं. आल्या आल्या तो बापाच्या पलंगापाशी बसला, म्हणाला, "बाबा, मी आलोय. आता निवांत पडा." दामारिस दाराआड उभी राहून ऐकत होती. दीड वर्ष एकटीनं सगळं ओढत होती बिचारी, तिला तेवढ्या एका वाक्यानं हलकं वाटलं.

दोन-तीन दिवसांत छप्पर गळायला लागलं, आणि तेही नेमकं बापाच्या तोंडावर. सारिराच्या हातचं छप्पर गळतंय, हेच मुळी तिच्या पचनी पडेना. ओबेद शिडी लावून वर गेला, खाली उतरून म्हणाला, "खिळे गंजलेत गं. तू रांतेपाओच्या बाजारातून नवे घेऊन ये, मी तोवर पत्रा बघतो."

बुधवार होता, गुड फ्रायडेच्या आधीचा. दुपारी निघताना ती मागच्या खोलीत गेली. पलंगाच्या वर भिंतीला म्हाताऱ्याचा हातोडा टांगलेला असायचा, त्याच्यावरची धूळ तिनं बाहीनं पुसली. मग बापाला म्हणाली, "बाबा, छपराचे खिळे आणायला जाते. काळजी करू नका, दादा आहे जवळ."

हे शेवटचे तीन शब्द मला सांगताना तिनं चुलीतलं लाकूड उगाच पुढं सारलं.

बाजारात तिनं छत्रीच्या डोक्याचे खिळे घेतले, रबरी वायसर लावलेले, चांगले जाड. परत येताना दरड कोसळली, गाडी अलीकडेच थांबली, उरलेली वाट चिखलातून चालत आली. घरी पोचली तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. वीज गेलेली. ओबेद पुढच्या खोलीत फोनवर बोलत होता, तिला बघून त्यानं फोन ठेवला.

तिनं कॉफी केली, कंदील घेतला, मागच्या खोलीत गेली. "बाबा, आले मी," म्हणत नेहमीसारखी उशाशी कप ठेवायला वाकली. तिथं उशी नव्हती. पलंगाची कड होती नुसती.

कंदील वर केला.

बापाचं डोकं दक्षिणेला होतं.

"दादा," तिनं हाक मारली. आवाज चढवला नाही.

ओबेद दारात आला. "पाणी पडत होतं गं तोंडावर. म्हणून फिरवला पलंग."

"सरकवायचा होतास."

"खोली केवढीशी. सरकवणार कुठं?"

"त्यांना सांगितलंस?"

"कुणाला?"

"बाबांना. सांगून फिरवलंस का?"

ओबेदनं दाराच्या चौकटीला पाठ टेकली. मग म्हणाला, "दामारिस, दीड वर्ष झालं. तुला तरी किती दिवस हे? आता फिरवलाच आहे, तर शनिवारी दोन माणसं येतील, डोंगराच्या कड्यात खोदलेल्या थडग्यात ठेवू. मी बोलून ठेवलंय."

"रेडा?"

"रेड्याचं बघू नंतर."

तिचे कपडे निथळत होते. खुंटीवरचा टॉवेल घ्यायला तिनं त्याचं जाकीट बाजूला केलं, तर खिशात काहीतरी वाजलं. हात घातला. खिळे होते, छपराचे, जुने. गंजलेला एकही नव्हता. पक्कडीनं उपसलेले, वाकडे झालेले, वायसरसकट.

तिनं ते कंदिलाच्या उजेडात त्याच्यापुढे धरले. "हे काय, दादा?"

त्यानं जाकीट खुंटीवर नीट अडकवलं.

"तूच काढलेस?"

"...रस्त्याला लागून जागा आहे आपली. तिथं लॉज काढला तर पोरांचं भलं होईल. तुझंही. पण घरात आजारी माणूस असताना घराला हात लावता येतो का? तूच सांग."

तिनं खिळे त्याच्या जाकिटाच्या खिशात परत टाकले. मला म्हणाली, "काका, दुसऱ्या कुणी केलं असतं तर मी भांडले असते, गाव गोळा केलं असतं. पण मी त्यालाच राखणीला बसवून गेले होते. बाबांना सांगून गेले होते." पलंगाला तिनं हात लावला, परत फिरवायला. मग सोडला. फिरवून उपयोग काय? ती बापाच्या पायाशी फळ्यांच्या जमिनीवर बसली आणि म्हणाली, "बाबा, माझं चुकलं. मला ठाऊक नव्हतं." आणि रडली, आवाज न करता, म्हणजे पलीकडं त्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

ओबेदनं पुढच्या खोलीत अंथरूण टाकलं. कंदील विझला.

आता ऐका.

पाऊस वाढला. वरचा पत्रा तर मोकळा होता. बापाच्या खोलीत धार लागायला हवी होती. दामारिस वाट बघत बसली, की आता पडेल, आता पडेल... एक थेंब पडला नाही.

पडला, तो पुढच्या खोलीत.

टप्.

तिथलं छप्पर धडधाकट. कधी गळलेलं नाही.

टप्.

ओबेदची चटई सरकल्याचा आवाज आला. जरा वेळ शांत. मग पुन्हा, टप्. पुन्हा चटई सरकली. त्यानं शिवी हासडली. असं किती वेळ चाललं, कुणास ठाऊक.

मग पत्रा वाजला.

वर कुणीतरी पाय ठेवला होता. पावसात पत्रा नुसता वाजतो तसं नाही. वजनानं वाजतो, तसं. सावकाश. एक पाऊल... मग गुडघा टेकल्यासारखं. थांबणं. पुन्हा पाऊल. गुडघे दुखणारा माणूस चढतो ना, तसं.

"दामारिस," पलीकडून ओबेद म्हणाला. "वर तू गेलीस का?"

"मी इथं आहे."

"मग वर..."

ठक्. ठक्. ठक्.

आणि मग दोन. हलके.

दामारिसनं अंधारात पलंगावर हात फिरवला, बाप आहे का बघायला... आणि तसाच मागे घेतला. तिथं काय लागलं, काय नाही, ते तिनं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

ठक्. ठक्. ठक्. दोन हलके. पत्र्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. घाई नव्हती.

मग थांबलं.

शिडी करकरली.

"दामारिस..." ओबेदचा आवाज आता लहान पोरासारखा झाला होता. "दामारिस, दाराला कडी आहे ना?"

तिनं कडी लावलीच नव्हती. घरच्या माणसाला कडी कशाची?

पाणी निथळत होतं. जमिनीच्या फळ्यांवरून, पुढच्या खोलीकडे. थांबत. निथळत.

मग ठोके पुन्हा. पण वर नाही. खाली. घरात. तिच्या बुडाखालची फळी हादरली.

ठक्.

ठक्.

ठक्.

...

दोन हलके.

त्यानंतर ओबेदचा आवाज नाही. कशाचाच नाही. पाऊससुद्धा थांबला होता म्हणे.

उजाडलं तेव्हा दामारिस तिथंच भिंतीला टेकून बसलेली होती. समोर पलंग. उशी पश्चिमेला. बाप जसा दीड वर्ष झोपला होता तसा झोपलेला, कपाळ कोरडं. हातोडा भिंतीला, पण त्याच्या दांड्यातून पाणी टपकत होतं. ती बाहेर जाऊन छपराकडे बघून आली. पत्रा जागच्या जागी, सगळे खिळे बसलेले. तिनं आणलेली नव्या खिळ्यांची पुडी तिच्या पिशवीत होती, गाठही सुटली नव्हती. ओबेदच्या जाकिटाचा खिसा मात्र रिकामा होता.

ओबेद अंगणात होता, खांबांवरच्या भाताच्या कोठाराखाली बसलेला, नखशिखांत भिजलेला. ती जवळ गेली तर म्हणाला, "मी उशी पश्चिमेला केली होती. झोपताना पश्चिमेलाच केली होती, दामारिस." तेवढंच पुन्हा पुन्हा. घरात पाय ठेवायला तयार होईना. तिनं त्याचं सामान बाहेर आणून दिलं, आणि पहिल्या गाडीनं तो गेला. ती त्याला थांब म्हणाली नाही.

पुढं रेडकाची शिंगं हातभर झाली. दामारिसनं आधी बापाला सांगितलं, "बाबा, झाली बघा," आणि मगच माणसं बोलावून उशी फिरवली. मी होतो तिथं. पलंग असा हलका फिरला, की चौघांना जोर लावावा लागला नाही. ओबेदही आला होता. अंगणात उभा राहिला, घराच्या पायऱ्या चढला नाही. मकास्सारला तो खुर्चीत बसून झोपतो म्हणतात. मी त्याला विचारायला गेलो नाही.

त्याची चटई मात्र त्या सकाळी दामारिस गुंडाळायला गेली, तर येईना. बाकीची निघाली, उशीकडचं टोक अडकलं होतं. उशी असते तिथं मधोमध, चटईतून आरपार, खालच्या फळीत एक जुना खिळा मारलेला होता. छपराचा, वायसरसकट. दक्षिणेच्या टोकाला.

पक्कड लावून बघितली, दोन सुतार आले आणि गेले. निघाला नाही. चटई केव्हाच कुजून गेली. खिळा आहे. दामारिस रोज त्याच्या कडेनं केर काढते. मागच्या ऑगस्टात मी तिच्याकडे गेलो होतो. महिनाभर पाऊस नव्हता, भाताची शेतं भेगाळलेली. मी वाकून त्या रबराला बोट लावलं.

ओलं होतं.