उलाळ विमान

"दाब! दाब! नाक खाली घे!" जया किंचाळली.

अजिनाथनं रिमोटची काडी दाबली, पण थर्माकोलचं विमान ऐकतंय कुठं! नाक वर करून ते हवेत क्षणभर अडलं आणि धप्पकन ढेकळांत बसलं.

"झालं! आता पुरावा कसा गोळा करायचा?" अजिनाथनं कपाळावर हात मारला.

पंकजाचा जीव टांगणीला लागला होता. मागच्या आठवड्यात हे विमान गावच्या पाण्याच्या टाकीला धडकलं होतं. त्यातच टाकी अर्धीसुद्धा भरेना झाली, आणि पाणी सोडणारे बजरंगकाका गावभर सांगत सुटले, "पोरांच्या इमानानं टाकीला तडा गेला!" म्हणे थर्माकोलनं सिमेंटला तडा! पण पोरांचं ऐकतो कोण? संध्याकाळी सरपंच सत्यशीलाबाई विमान जप्त करणार होत्या. नगरहून सुट्टीला आलेल्या मामेभावानं, अजिनाथनं, पंकजाला शब्द दिला होता, 'विमान नीट उडायला लागलं की रिमोट तुझ्या हातात!' ते आता राहूनच जाणार होतं.

"टाकीला तडा असता तर खाली चिखल झाला असता," पंकजा म्हणाली. "तितं तर धूळ उडती. पानी वाटंतच जातंय."

पाइपलाइन येत होती वेड्या बाभळींच्या रानातून. तिथं माणूस शिरणं कठीण, म्हणून तर विमानाच्या शेपटीखाली छोटा कॅमेरा बांधला होता.

"कॅमेरा बांदला आन् इमान बिगडलं!" पंकजाची धाकटी बहीण जया कुरकुरली.

पंकजानं विमान उचललं, दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरलं. शेपटी खाली झुकली. ती खदखदून हसली. तिचे आईबाबा दर हिवाळ्यात ऊसतोडीला जात. सुट्टीत तीही बैलगाडीत मोळ्या रचायला असे.

"अरे दादा, ही तर उलाळ झाली!"

"काय झाली?"

"गाडीत मागं ऊस जास्त भरला की गाडी मागं कलती, जू वर उचलतं. बाबा मग वजन फुडं सारत्यात. तू बॅटरी फुडं सार!"

अजिनाथनं बॅटरी नाकाशी सरकवून रबरानं करकचून बांधली. विमान पंकजाच्या बोटांवर सरळ तोललं.

"याला गुरुत्वमध्य म्हणतात," तो ऐटीत म्हणाला.

"म्हनू दे! गाडी सरळ झाली ना?"

आणि विमान उडालं! बाभळींवरून डौलात फेरी मारून परत आलं. तिघांनी मोबाईलवर डोकी खुपसली. करपलेलं रान, बाभळी, पुन्हा बाभळी... आणि रानापलीकडं, बाजाराच्या वाटेवर, हिरवंगार गवत! बगळे! पाइपलाइनवरचा, काठोकाठ भरून वाहणारा हौद!

"घोडेगावच्या बाजाराला जानारी जनावरं पानी पित्यात, तो हौद!" जया ओरडली. "त्याचा कॉक तर..."

"बजरंगकाका उघडत्यात!" दोघी बहिणी एकदमच म्हणाल्या.

संध्याकाळी चावडीसमोर बजरंगकाका तावातावानं बोलत होते. पंकजानं शांतपणे विचारलं, "काका, मागल्या बाजाराला हौदाचा कॉक तुमीच उघडला हुता ना?"

"व्हय, मीच! जनावरं लई तान्हेली हुती!" काकांची छाती फुगली.

"आन् बंद कोनी केला?"

काका टोपी काढून डोकं खाजवू लागले. पंकजानं मोबाईल पुढं धरला. सत्यशीलाबाईंनी पाहिलं आणि त्या पोट धरून हसल्या. "बजरंगभाऊ, तडा टाकीला न्हाई, तुमच्या ध्यानाला गेलाय! पोरांनो, शाब्बास! लई मोठं काम केलंत. इमान उडवा बिनघोर!"

काका कानाची पाळी धरत हौदाकडे पळाले.

दुसऱ्या सकाळी टाकी भरून वाहिली. बजरंगकाका स्वतः मैदानात आले. "पोरांनो, दर बाजारानंतर हौदावरनं एक फेरी मारीत जा. म्या इसरतो बगा."

अजिनाथनं रिमोट पंकजाच्या हातात ठेवला. "उलाळ तू ओळखलीस. आता तूच उडव."

पंकजानं काडी हलवली आणि विमान सरळ वर चढलं. आनंदानं तिला ओरडावंसं वाटत होतं, तेवढ्यात बजरंगकाकाच ओरडले, "पोरी, टाकी संभाळ!"