काचेवरच्या बाळाचा चेहरा

"बॅग भरलीस का गं?" सासूबाईंनी जिन्यावरूनच विचारलं. थोरल्या सुनेच्या खोलीत त्या हल्ली पाऊल टाकत नसत.

"भरतेय, आई."

"पोरीचे कपडे घेऊ नकोस. तिची शाळा आहे. धाकटी एकदा सुखरूप सुटू दे, मग बघू तुला माहेरून परत कधी आणायचं ते."

मग बघू…! या दोन शब्दांत किती महिने, किती वर्षं मावतात, कोण जाणे! थोरलीने सहा वर्षांच्या लेकीचा एवढासा फ्रॉक नाकाशी नेला, डोळे मिटून एकदा खोल हुंगला आणि घडी मोडू न देता पुन्हा कपाटात ठेवला. नवऱ्याकडे दाद मागण्यात अर्थ नव्हता. तो खाली दुकानात चौकटींना खिळे ठोकत होता, आणि आईपुढे त्याचा फक्त हातोडाच काय तो बोलायचा.

घराखालीच तसबिरींना चौकटी घालायचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी शिवणकाम करणारी एक म्हातारी आपली जुनी तसबीर चौकट बदलायला देऊन परगावी लेकाकडे गेली, ती परतलीच नव्हती. काचेच्या पाठीवर रंगवलेलं ते चित्र… देवमाता, आणि तिच्या मांडीवर बाळ. अशा कामात सगळं उलटं असतं. आधी डोळ्यातला ठिपका, मग डोळा, मग चेहरा, आणि मागचं आकाश सर्वांत शेवटी! म्हणून दुकानाचा एकच दंडक होता: काच पुढून हवी तितकी पुसा, मागून बोटही लावायचं नाही.

आणि धाकटीने लावलं! तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, सातवा महिना सरत आलेला. चित्रातल्या बाळाच्या गालावर बुरशीचा डाग दिसला, म्हणून तिने मोठ्या हौसेने मागची फळी उचकटली, ओलं फडकं फिरवलं… आणि बाळाचा चेहराच्या चेहरा फडक्यावर उतरला!

"ताई, हे काय झालं माझ्या हातून!" ती थोरलीकडे धावली. थोरलीने फडकं तिच्या हातातून ओढून घेतलं, "जा, वर जाऊन पड," म्हणाली, आणि सासूबाई जिना उतरून आल्या तेव्हा ते तिच्याच मुठीत होतं. त्यानंतर तीन आठवड्यांनी धाकटीला मूल झालं… पण ते रडलं नाही.

"बाळाचं तोंड पुसलंस तू, अवदसे!" सासूबाईंचा तो आक्रोश थोरलीने मुकाट्याने सोसला. खरं कसं सांगायचं? त्या होरपळलेल्या जिवाला, तुझं लेकरू तुझ्याच हातांनी गेलं, असं कसं ऐकवायचं? थोरली गप्प राहिली. धाकटीही गप्प राहिली. तीन वर्षं!

परक्याची वस्तू, विकता येईना, टाकताही येईना. तसबीर माळ्यावर भिंतीकडे तोंड करून पडून होती. आता धाकटीचे दिवस पुन्हा भरत आले होते, आणि दुपारी घर निजलं की माळ्यावरून आवाज यायचा… टिक्… टिक्… सुटलेल्या रंगाचे पोपडे काचेआड गळत असायचे. धाकटी कानांवर उशी दाबून घ्यायची. आणि थोरलीला तिच्या खोलीत शिरायला मनाई होती.

थोरली बॅग घेऊन खाली आली, तोच दाराशी काठी वाजली.

"माझी माउली न्यायला आले रे! आहे ना, की चौकटीसकट गिळलीत?"

ती म्हातारी! हातोडा थांबला. सासूबाईंनी थोरलीला दंडाला धरून पुढे ढकललं. "हिला विचारा. हिनेच दिवे लावलेत!"

थोरलीने तसबीर उतरवून समोर धरली. मातेचे डोळे शाबूत होते, निळा झगा शाबूत होता… मांडीवर मात्र चेहऱ्याच्या जागी नुसती उघडी फळी!

"आजी, माझ्या हातून पुसला गेला. तुम्ही म्हणाल ती शिक्षा…"

म्हातारीने चष्मा चढवला. तसबीर उजेडाकडे कलवली. मग तिचे खांदे गदगदू लागले. ती रडत नव्हती, हसत होती!

"पुन्हा गेला का? अगं वेडे, तो मुळातला नव्हताच! माझा लेक सात वर्षांचा असताना त्याने घासून घासून मूळचा घालवला. सासू मला घराबाहेर काढेल या धास्तीने मी त्याच्याच शाळेच्या रंगपेटीतून नवा भरला. पाण्याचे रंग ते! ओलं लागलं की जायचेच. बाकीचं सगळं तेलाच्या रंगात."

"आणि… लेक?" सासूबाईंचा आवाज चिरकला.

"त्याला काय धाड भरलीय! टक्कल पडलंय, पोट सुटलंय, नि मीठ कमी पडलं म्हणून माझ्याशी रोज भांडतो."

जिन्यावर काहीतरी धडकलं. धाकटी कठडा धरून उभी होती, पांढरीफटक.

"मी पुसला होता, आई… ताईंनी नाही! मला वाटलं, मीच मारलं माझ्या बाळाला… बोलून दाखवलं असतं, तर ते खरंच झालं असतं!"

ती मटकन खाली बसली. थोरली धावली, पण पहिल्याच पायरीशी थबकली.

"आई… हात लावू का तिला?"

सासूबाईंची नजर खाली ठेवलेल्या बॅगेवर गेली. "तुला ठाऊक होतं… आणि तू पोटची पोर टाकून निघाली होतीस?"

"पोरीला तुम्ही होतात, आई. हिला कोण होतं?"

"ताई…" धाकटीने ओठ चावला. "कळ आली…"

थोरलीच्या नवऱ्याने हातोडा टाकला आणि डॉक्टरीणबाईंना आणायला तो चपला न घालताच धावला. थोरलीने धाकटीला कवेत उचलल्यागत वर नेलं, तीन वर्षांत प्रथमच त्या खोलीत शिरली. सासूबाई मागोमाग आल्या, पण दाराशीच थांबल्या आणि तिथेच जमिनीवर बसल्या.

"तू बस तिच्यापाशी. मी इथेच बरी. कोणत्या तोंडाने आत येऊ?"

आतून धाकटी कळवळून ओरडली… मग कळ ओसरली आणि सगळं एकदम शांत झालं, फार शांत! थोरलीचा चेहरा दारात आला. घामाने डबडबलेला, भेदरलेला, एखाद्या लहान मुलीचा असावा तसा.

"आई, बाहेर काय बसलात? आत या ना… मला एकटीला भीती वाटतेय!"