छत्रीतली रिकामी जागा

हे कोणी खरं मानणार नाही. म्युनिकमध्ये तर नाहीच. म्हणून काय सांगायचंच नाही?

रोस्विता आंगेरर पेटंट कचेरीत अकरा वर्षं परीक्षक होती. त्या सकाळी ती ट्राममधून उतरली, तेव्हा इझार नदीवर असा पाऊस कोसळत होता की मासेसुद्धा पुलाखाली आडोशाला आले होते. मागून एक भिजलेला आवाज आला –

"बाई, पेटंट कचेरीकडेच ना?"

"कशावरून?"

"इतके कागद छातीशी धरून दुसरीकडे कोण जातं... तुमच्या छत्रीत अर्धी जागा रिकामी चाललीये."

"मग? भाडं देणार?"

"छत्री तर निघालीच आहे. माझ्यामुळे तिचा खर्च वाढतो का?"

हे आपण कुठेतरी वाचलंय, असं तिला वाटलं, पण आठवेना. हसू दाबत तिने छत्री तिरकी केली. त्याची ओली बाही तिच्या बाहीला लागली... दोघांनीही हात मागे घेतला नाही.

नऊ वाजता सुनावणीच्या दालनात ती अध्यक्षांशेजारी बसली, तर समोर अर्जदार म्हणून तोच. कोर्बिनिआन लाइटल. केस अजून ठिबकत होते. त्या अर्जात त्याची सात वर्षं होती. ऑनलाइन मागवलेली वस्तू घरपोच करायला किती खर्च येईल, ते सांगणारं सॉफ्टवेअर. वजन आणि अंतर बाजूला ठेवून ते गिऱ्हाइकाच्या गल्लीकडे आधीच निघालेल्या गाड्यांना विचारायचं – तुमच्यात जागा किती रिकामी आहे?

रोस्विताच्या बॅगेत नकार तयार होता. कचेरीची रीतच अशी: मनात एक काल्पनिक तज्ज्ञ बसवायचा. त्याने सगळं वाचलेलं, पण स्वतःचं असं त्याला काही सुचत नाही. जुने कागद पाहून त्यालाही जे जमेल, ते उघडच. अशा गोष्टीला पेटंट नाही. तिने लिहिलं होतं, 'उघडच आहे.'

आता तिचा हात थबकला. अकरा वर्षं ती त्याच रस्त्याने अर्धी रिकामी छत्री घेऊन चालली होती. शेजारून शेकडो माणसं भिजत गेली. एकदाही तिला... उत्तर ऐकल्यावर सगळंच उघड दिसतं. केवढीशी गोष्ट, आणि केवढी अफाट.

पण हे पटलं ते कागदांमुळे, की त्या ओल्या बाहीमुळे? तिला सांगता येईना. ती उठली.

"अध्यक्ष महाशय, मला या अर्जाचा निवाडा करता येणार नाही. हे गृहस्थ आज माझ्या छत्रीतून आले."

"त्याने काय बिघडतं?"

"उद्याही यावेत... असं वाटतंय मला."

लाइटलच्या हातातली पेन्सिल गळून पडली. "अहो, आणि माझं पेटंट?"

"ते दुसरे परीक्षक ठरवतील."

"आणि उद्या?"

"आठ वाजता, ट्रामच्या थांब्यावर. ऊन असलं तरी."

आणि तेवढ्यात, शपथेवर सांगतो, भिंतीलगतच्या चौथ्या खुर्चीवर तो काल्पनिक तज्ज्ञ साक्षात बसलेला दिसला. राखाडी कोट, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही. घसा खाकरून म्हणाला, "मला हे जन्मात सुचलं नसतं."

"थापा पुरे, काका." मी कॅफेत हे सगळं रंगवून सांगत होतो, तेव्हा शेजारच्या बाकावरून रोस्विता मला म्हणाली. तिच्या ताटलीतला आलुबुखाऱ्याचा केक कोर्बिनिआन निवांत संपवत होता. "पेटंट दिलं ते नव्या परीक्षकाने. चौथ्या खुर्चीवर माझी छत्री ठिबकत होती. आणि ते वाक्य मी म्हटलं होतं."